घरच्या लेथसाठी धातू कुठून आणता?

लेथ, म्हणजे धातू फिरवत ठेवून हत्याराने कापायचं यंत्र, कसा चालवायचा हे शिकवायला आयटीआय आहे, पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत. पण घरी छोटा लेथ असलेल्या माणसाला ४० मिमी व्यासाचा, वीतभर लांबीचा ईएन ८ (पोलादाचा एक ग्रेड) चा तुकडा हवा असेल, तर त्याने कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे कुठेच लिहिलेलं सापडत नाही. स्टीलचा व्यापारी सहा मीटरच्या बारच्या भाषेत बोलतो. भंगारवाला किलोच्या भाषेत बोलतो आणि ग्रेड विचारला की खांदे उडवतो. कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन आपल्याला आत सोडत नाही.

आपल्याकडे धातूची वानवा अजिबात नाही. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, हिंगणा, कुठल्याही एमआयडीसीत रोज कितीतरी उत्तम तुकडे भंगाराच्या पिंपात पडतात. अडतं ते एवढ्यावरच, की तो तुकडा कुठे मिळतो आणि तो नेमका आहे तरी काय. म्हणून हा धागा. तुम्ही काय बनवलंत, त्यासाठी धातू कुठून आणला, तो कसा ओळखला आणि यंत्रावर तो कसा वागला, ते सविस्तर लिहा. ग्रेड, माप, हत्यार, वेग यांचे आकडे आवर्जून द्या. नवख्यांना त्याचाच उपयोग होतो.

सुरुवात मीच करतो. पुण्यात भोसरी-पिंपरी पट्ट्यात बँडसॉ (पट्ट्याची यांत्रिक करवत) लावून बसलेले बरेच स्टील व्यापारी आहेत. ते मापाने कापून देतात. वजनाचे पैसे आणि वर कटिंग चार्ज. दुकानात जाण्याआधी वजन काढून ठेवायचं. गोल स्टीलसाठी व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, की एक मीटरचं वजन किलोत मिळतं. २५ मिमीचा बार मीटरला ३.८६ किलो, ४० मिमीचा ९.८८ किलो. म्हणजे ४० चा २०० मिमी लांब तुकडा साधारण दोन किलो. अॅल्युमिनियमला ह्याच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त धरा, पितळेला सात-आठ टक्के वर. आकडा आधीच सांगितला की काउंटरवरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलू लागतो. दुपारी जेवणानंतर जा. सकाळी कारखान्यांच्या गाड्या भरायच्या असतात, तेव्हा दोन किलोच्या गिऱ्हाइकाकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

आता तुम्ही.

चिंचवड, निवृत्त टूलरूम टर्नर

तरुण मंडळी सगळ्यात आधी जे चुकतात ते म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याकडून एमएसचा (माइल्ड स्टीलचा) काळा बार आणतात आणि फिनिश येत नाही म्हणून लेथला दोष देतात. लेथचा काही दोष नाही. कमी कार्बनचं साधं एमएस हत्याराखाली कापलं जाण्याऐवजी फाटतं. पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा दिसतो. हात बसेपर्यंत ईएन १ए घ्या, जमल्यास लेडेड, म्हणजे शिसं मिसळलेलं. त्यात गंधक मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं, चिप तुटून पडते, आणि साध्या एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलनेही आरसा येतो. मात्र ईएन १ए ला वेल्डिंग करू नका, तडे जातात. जिथे वेल्ड मारायचं आहे तिथे एमएसच वापरा.

शाफ्ट, पिन, स्क्रू, लीव्हर यांना ईएन ८. कार्बन ०.४० टक्क्याच्या आसपास. एचएसएसने २५ मिमी व्यासाला मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आतबाहेर ठेवा. फेऱ्यांचं सूत्र सोपं आहे: कटिंग स्पीड (मिनिटाला मीटर) गुणिले १०००, भागिले पाय (π) गुणिले मिलिमीटरमधला व्यास. हे सूत्र भिंतीवर खडूने लिहून ठेवा. आमच्या टूलरूममध्ये ते लिहिलेलं होतं आणि तीस वर्षं नोकरी झालेले लोकसुद्धा त्याकडे बघून बेल्ट बदलायचे.

ब्राइट बार आणि ब्लॅक बार यातला फरक नीट समजून घ्या. ब्राइट बार मापात आणि गुळगुळीत असतो, पण थंड ओढलेला असल्यामुळे आत ताण कोंडलेला असतो. ब्राइट फ्लॅटची एकच बाजू मिलिंग केली की तो केळीच्या पानासारखा वळतो. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढा, मध्ये क्लॅम्प सैल करून त्याला मोकळा होऊ द्या, मग फिनिश कट घ्या. ब्लॅक बारवर कडक पापुद्रा असतो. पहिला कट त्या पापुद्र्याच्या खाली गेला पाहिजे. वरवर घासत बसलात तर टूलची धार पाच मिनिटांत जाते.

भंगारातला तुकडा ओळखायचा असेल तर ग्राइंडरवर ठिणग्या बघा. शेजारी माहितीतल्या स्टीलचा एक तुकडा धरा आणि दोन्हींची तुलना करा. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, फाटे कमी. कार्बन वाढला की ठिणगी आखूड होते आणि टोकाला फुलबाजीसारखे फाटे फुटतात. एचएसएसच्या ठिणग्या मोजक्या आणि काळपट लाल. ओतीव लोखंडाच्या तर चाकाजवळच विझतात. हे अंधाऱ्या कोपऱ्यात करा, उन्हात काही दिसत नाही. आणि चष्मा लावूनच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बांधकामाची सळई लेथवर लावू नका. टीएमटी सळई बाहेरून पाणी मारून कडक केलेली असते आणि आतून मऊ असते. वरचा थर हत्यार खातो, आतला थर फाटतो. ती ज्या कामासाठी बनवली आहे तिथे उत्तमच आहे.

गिरगाव, मुंबई

काका, ठिणग्यांबद्दल मनापासून आभार. मी मुंबईची बाजू सांगते.

पितळ, तांबं, गनमेटल (तांबं-कथिलाची मिश्रधातू) यासाठी किका स्ट्रीट आणि गुलालवाडी. चिंचोळ्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना दुकानं, प्रत्येकाची एक खासियत. एकाकडे फक्त रॉड, दुसऱ्याकडे फक्त पत्रा, तिसऱ्याकडे नळ्या. कट पीस विकणारे वेगळे असतात, आणि तेच आपले. 'फ्री कटिंग ब्रास' असं स्पष्ट मागा. त्यात शिसं असतं, त्यामुळे चिप सुईसारखी तुटून उडते. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. टूल्स, टॅप, डाय, रीमर यांच्यासाठी नागदेवी स्ट्रीट, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. लोखंडाचा मोठा बाजार कर्नाक बंदरहून कळंबोलीला गेला, तिथे ट्रकचा व्यवहार चालतो. घरगुती कामासाठी तिकडे जाण्यात काही अर्थ नाही.

दारूखाना हे माझं आवडतं ठिकाण. रे रोड स्टेशनवरून उतरून समुद्राच्या दिशेने चालत जायचं. जहाजं तोडून निघालेलं सामान तिथे पिढ्यान्‌पिढ्या विकलं जातं. मला एका वाफेच्या जुन्या व्हॉल्व्हचं गनमेटलचं अंग मिळालं. त्यातून मी माझ्या छोट्या इंजिनासाठी बेअरिंगचे बुश काढले. रंग तांबूस-पिवळा, कट घेतल्यावर पृष्ठभाग रेशमी. नवीन रॉडमध्ये अशी धातू मला क्वचितच मिळाली आहे.

पण दारूखान्यात जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवाच. जुन्या जहाजी व्हॉल्व्हची पॅकिंग आणि गॅस्केट बहुतेकदा अॅस्बेस्टॉसची असतात. पांढरट-करडा, तंतुमय, दोरीसारखा माल दिसला तर तो कोरडा खरवडू नका, वायर ब्रश तर मुळीच मारू नका. मी असा व्हॉल्व्ह दिसला की तो घेतच नाही, मग धातू कितीही चांगली असो. फुफ्फुसात गेलेले ते तंतू परत बाहेर येत नाहीत.

पितळेला टूलचा रेक, म्हणजे धारेमागचा वरचा उतार, शून्य ठेवा. ड्रिलच्या धारेलाही ऑईलस्टोनने अगदी बारीक सपाट करा. नाहीतर पितळ ड्रिलला आत ओढून घेतं आणि काम चकमधून फिरतं.

नाशिक, शाळेत विज्ञान शिकवते

मुलांसाठी प्रयोगाची उपकरणं बनवते, म्हणून माझं सगळं काम अॅल्युमिनियमचं. सातपूर-अंबडमध्ये सीएनसी जॉबवर्क करणारी छोटी युनिट्स आहेत. त्यांच्याकडे ६०६१ आणि ६०८२ चे टोकाचे तुकडे उरतात. आधी फोन न करता गेले, मी काय बनवते ते वहीतल्या चित्रासह दाखवलं. मालकांनी स्वतः पिंपाजवळ नेलं. आता ते माझ्यासाठी तुकडे वेगळे काढून ठेवतात आणि प्रत्येकावर मार्करने ग्रेड लिहितात. मी भंगाराचा भाव देते, फुकट कधी मागत नाही.

खिडकीच्या सेक्शनचं अॅल्युमिनियम, म्हणजे ६०६३, टर्निंगला चिकट लागतं. टूलच्या टोकाला गोळा बसतो. थोडं रॉकेल लावलं की सुधारतं, पण ६०८२ मिळत असेल तर तेच घ्या.

*(ताई, रॉकेल आता सहज मिळत नाही असं बरेच जण म्हणतात. डिझेलचे दोन थेंबही चालतात, मात्र खोली हवेशीर हवी आणि आसपास ग्राइंडिंग चालू नको. — धागाकर्ता)*

कोल्हापूर, पॅटर्नमेकरच्या घरातला

आमच्याकडं धातू शोधायला लागत नाही, ओतून घ्यायला लागतो. ऑईल इंजिनांच्या काळापासून ही फाउंड्रीवाल्यांची पंढरी. शिवाजी उद्यमनगरात चालत गेलं तरी एका गल्लीत पॅटर्न, दुसऱ्या गल्लीत मशीनिंग, तिसऱ्या गल्लीत पंपाचे भाग. मोठ्या फाउंड्र्या आता शिरोली आणि गोकुळ शिरगावात. वडील आयुष्यभर सागवानी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे लाकडी नमुने, करत होते. त्यांच्याकडनं शिकलो ते इथं लिहितो, कारण ओतीव काम घरच्या वर्कशॉपवाल्याला किती जवळ आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

वाफेच्या इंजिनाचं फ्लायव्हील, लेथची फेसप्लेट, मिलिंगसाठी अँगल प्लेट, लहान सरफेस प्लेट. बारमधनं काढायला गेलात तर निम्मा पैसा चिप होऊन जमिनीवर पडतो. पॅटर्न करून दिला तर फाउंड्रीवाला तो मोठ्या कामाच्या साच्यातच एका कोपऱ्यात बसवतो. हीट (भट्टीचा घाण) चालूच असते, लोखंड वितळलेलंच असतं. तुमचे दोन किलो त्याच्या हिशेबात दिसतसुद्धा नाहीत. ओळख लागते, खरं आहे. पण ओळख करून घ्यायला एक चांगला पॅटर्न पुरतो. ज्याला काम कळतं तो माणूस पॅटर्न हातात घेऊन बोटानं उतार तपासतो आणि तुम्ही कोण ते त्याला कळतं.

पॅटर्न करताना काय बघायचं? ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आटतं. १५० मिमीचं चाक हवं असेल तर पॅटर्न दीड मिलिमीटर मोठा. शिवाय ज्या बाजूला मशीनिंग होणार तिथं ३ मिमी जास्त. साच्यातनं पॅटर्न निघावा म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशाचा उतार. आतल्या कोपऱ्यांना गोलाई, नाहीतर तिथंच तडा जातो आणि वाळूही तुटते. वडील गोलाईला मेण आणि चामड्याची पट्टी वापरायचे, आता पुट्टी चालते. वर शेलॅकचे दोन-तीन हात, मध्ये पॉलिश पेपर. खरखरीत पॅटर्नला वाळू चिकटते.

पातळ भाग टाळा. पाच-सहा मिलिमीटरच्या खाली गेलात की लोखंड साच्यात झटकन थंड होतं आणि तिथं पांढरं, काचेसारखं कडक होतं. त्यावर कानसही लागत नाही. फाउंड्रीत सांगायचं, कास्टिंग वाळूतच गार होऊ द्या, घाईनं बाहेर ओढू नका. ग्रेड विचारतील. घरच्या कामाला एफजी २०० पुरतं, झिजणाऱ्या भागाला एफजी २६० मागा.

आता मशीनिंग. ओतीव लोखंडाच्या कातडीत वाळूचे कण अडकलेले असतात. पहिला कट खोल, दोन-अडीच मिलिमीटर, कातडीच्या पूर्ण खाली. कूलंट नाही, कोरडंच. धूळ काळी आणि बारीक पडते, ती बेडवर राहिली तर तेलात मिसळून बेड घासत राहते. बेडवर कागद किंवा कापड अंथरा आणि काम झालं की सगळं पुसून नवं तेल लावा. १५० मिमीच्या चाकाला एचएसएसनं मिनिटाला चाळीसच्या आसपास फेरे हवेत. घरच्या लहान लेथला एवढा कमी वेग बहुतेकदा नसतोच. मग के २० ग्रेडचं ब्रेझ केलेलं कार्बाइड टूल घ्या, त्याला १२० फेरे चालतात. चाकाच्या कडेला टकटक आवाज येत असेल तर घाबरू नका, गोल होईपर्यंत येणारच.

सरफेस प्लेटसारखं सपाट काम असेल तर रफ मशीनिंग करून तसंच काही महिने ठेवून द्या. ताण निघून जातो. वडील अंगणात आंब्याखाली ठेवायचे, ऊन-पाऊस लागू द्यायचे. मग फिनिश करायचे. घाई करणाऱ्याची प्लेट वर्षभरानं वाकडी झालेली त्यांनी दाखवलीय मला.

इचलकरंजी

वर कोल्हापूरचे दादा म्हणाले ते खरंच, पण ओतून घ्यायचं नसेल तर आमच्या गावात या. जुने साधे माग मोडीत निघतात, तेव्हा त्यांच्या बाजूच्या फ्रेम, गिअर, शाफ्ट, सगळं भंगारात येतं. मागाच्या फ्रेमचं ओतीव लोखंड वर्षानुवर्षं थरथरून थरथरून शांत झालेलं असतं. कापलं की वाकत नाही. मी त्यातनं ड्रिल मशीनचं टेबल केलं. मागाच्या क्रँकशाफ्टपासून मात्र जपून. जिथं वारंवार झटके बसले आहेत तिथं बारीक तडे असू शकतात. रॉकेल लावून पुसायचं, वर खडू फिरवायचा, थोड्या वेळानं तडा असेल तर खडूवर ओली रेघ उमटते.

गावात गल्लोगल्ली टर्नर आहेत, सगळे मागाचे सुटे भाग करणारे. त्यांच्याकडं अर्धा तास बसा. सुताच्या हिशेबात बोलतील, चार सूत म्हणजे अर्धा इंच. कॅलिपर न लावता बोटानं माप सांगणारी माणसं आहेत ही.

कसबा पेठ, पुणे

वाफेच्या इंजिनाची गोष्ट निघालीच आहे, तर बॉयलरबद्दल मला लिहायलाच हवं. इंजिन सगळे करतात, बॉयलरला हात लावायला घाबरतात. घाबरणं योग्यच आहे, पण नीट केलं तर छोटा तांब्याचा बॉयलर घरी होतो.

तांब्याचा पत्रा मी तांबट आळीतून घेतला. तिथली मंडळी पिढीजात तांब्या-पितळेची भांडी घडवतात, त्यांचं मठारकाम सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकी एका आजोबांकडे मी १६ गेजचा पत्रा, म्हणजे सुमारे १.६ मिमी, मागायला गेलो. कशासाठी ते सांगितल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं आणि दोन्ही टोकांची झाकणं लाकडी ठोकळ्यावर कशी वळवायची ते स्वतःच्या हाताने दाखवलं. लाकडी मोगरीने कडेकडेने, एका जागी दोनदा नाही. तांबं ठोकलं की कडक होतं. मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ. पोलादाच्या नेमकं उलट. झाकणाची कडा पूर्ण वळेपर्यंत हे पुनःपुन्हा करावं लागतं. कडक झालेलं तांबं तुम्हाला आवाजातून कळतं, ठोका टणक लागायला लागतो. तिथे थांबा आणि तापवा. त्याहून पुढे गेलात तर कडेला चीर पडते आणि पत्रा वाया जातो.

जोड सिल्व्हर ब्रेझिंगने, साध्या कल्हई-सोल्डरने कधीही नाही. तीन बारच्या वाफेचं तापमान १४४ अंशांच्या आसपास असतं. साधं सोल्डर १९० च्या आत-बाहेर वितळतं, म्हणजे पाणी संपलं की जोड सुटायला वेळ लागत नाही. सिल्व्हर ब्रेझिंगची काडी सहाशेच्या वर वितळते. काडी घेताना ती कॅडमियममुक्त आहे याची खात्री करा. कॅडमियमची वाफ जीवघेणी असते. ब्रेझिंगनंतरचा काळा थर लिंबूसत्वाच्या गरम द्रावणात निघून जातो.

आणि चाचणी पाण्याने. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, हवेचा एक बुडबुडा आत राहता कामा नये, मग हातपंपाने चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यायचा आणि काटा हलत नाही ना हे बघायचं. पाण्यावर फुटला तर चार थेंब उडतात. हवेवर किंवा वाफेवर फुटला तर माणूस जातो. सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय आणि ह्या चाचणीशिवाय कुणी बॉयलर पेटवत असेल तर त्याला थांबवा, मित्र असला तरी.

वास्को, गोवा

आमच्याकडे झुआरीच्या काठावर बार्ज दुरुस्तीची यार्डं आहेत. प्रोपेलरच्या शाफ्टची कापलेली टोकं, गनमेटलचे जुने बुश हे सगळं तिथल्या भंगारात मिळतं. शाफ्टचं स्टेनलेस जाड आणि उत्तम दर्जाचं असतं, पण लेथवर हट्टी. एकदा कट सुरू केला की फीड थांबवू नका. टूल जागीच घासलं की तिथला थर कडक होतो आणि पुढचा कट त्यावरून घसरतो. टूल धारदार, वेग एमएसच्या निम्मा, कूलंट भरपूर.

चुंबकाने स्टेनलेस ओळखता येतं ही समजूत अर्धवट आहे. ३०४ ला चुंबक लागत नाही हे खरं, पण रेलिंगला वापरतात त्या २०२ लाही लागत नाही. समुद्रकाठी दोन्हींतला फरक एका पावसाळ्यात दिसतो. २०२ वर तांबूस डाग येतात.

कॉव्हेंट्री, इंग्लंड (मूळ सांगली)

इथे निवृत्त लोकांच्या शेडमध्ये मायफोर्ड लेथ असतो. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये बनायचा, आता कारखाना बंद झाला पण यंत्रं चालूच आहेत. माझा एमएल ७ माझ्याहून वयाने मोठा आहे. इथे धातू मिळणं अगदी सोपं. मॉडेल इंजिनिअरिंगसाठी माल पुरवणारे लोक फूटभर लांबीचे तुकडे पोस्टाने पाठवतात, प्रत्येकावर ग्रेड लिहिलेला. स्टुअर्टचे कास्टिंग संच मिळतात. त्यांचं १०व्ही इंजिन, पाऊण इंच बोअर आणि पाऊण इंच स्ट्रोक, इथल्या बहुतेकांनी एकदा तरी केलेलं असतं.

तरी मला सांगलीची आठवण येते ती दुसऱ्याच कारणाने. इथे मी माल मागवतो, दार वाजतं, खोकं येतं. कुणाशी बोलणं होत नाही. वर आजोबांनी तांब्याची कडा वळवून दाखवली ते वाचून गलबलून आलं.

भारतातून जुनी ब्रिटिश चित्रं (इंजिनिअरिंग ड्रॉइंग) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. इथल्या मानकात १९७० च्या दशकात ईएन ८ ला ०८०एम४० असं नाव मिळालं. ईएन २४ चं ८१७एम४० झालं. जुन्या-नव्या चित्रांत दोन्ही भेटतील. माल तोच.

ठाणे, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट

भंगारात थ्री फेज मोटरवाला चांगला लेथ मिळतोय पण घरी सिंगल फेज आहे, असं विचारणारे खूप आहेत. मोटर तीन एचपीपर्यंत असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील, तर स्टारमधली मोटर डेल्टात (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) जोडून सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजमधून थ्री फेज बनवणारं, वेग बदलणारं उपकरण) चालते. वेगही बदलता येतो. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि आपत्कालीन स्टॉप बटण हाताशी बसवा. खाली जाड रबर पॅड टाका. मी शेजाऱ्यांना आधीच बोलावून यंत्र दाखवलं, रात्री आठनंतर चालवत नाही. आता खालच्या मजल्यावरच्या काकू मिक्सरचे कपलिंग घेऊन येतात.

नागपूर

हिंगण्याच्या बाजूला गॅरेजवाल्यांकडून मला जे मिळतं ते सांगतो भाऊ. लीफ स्प्रिंगचा पाटा, शॉकअपचे रॉड, जुनी बेअरिंग.

पाट्यापासून छिन्नी, पंच, पटाशी चांगली होते. आधी मऊ करून घ्यायचा. लाल करायचा, चुंबक चिकटेनासा झाला की त्याच्या जरा वर न्यायचा, आणि राखेत किंवा चुन्यात रात्रभर पुरून ठेवायचा. सकाळी कानस लागते. आकार दिल्यावर पुन्हा तेवढाच तापवून तेलात बुडवून कडक करायचा. पाण्यात बुडवलं तर तडकतो. मग टेंपर करायचं, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवायचा, नाहीतर पहिल्याच घावाला टोक उडतं.

शॉकअपचा रॉड वरून क्रोमचा आणि कडक असतो, आतून मशीन होतो. गाइड रॉड म्हणून याच्यासारखं स्वस्त काही नाही. वरचा थर कार्बाइडनेच कापा. पण गॅस भरलेला शॉकअप करवतीने कधीही कापू नका. आत दाब असतो. गॅरेजवाल्याकडून दाब काढून, उघडून दिलेलाच घ्या.

बेअरिंगची रिंग ईएन ३१, त्यातून लहान कटर होतात. तीही आधी मऊ करावी लागते.

आता साठवणीचं. तुकडा घरी आला की लगेच एका टोकाला रंग लावायचा. ईएन ८ ला माझ्याकडे पिवळा, ईएन १ए ला हिरवा, ओळख न पटलेल्याला लाल. दुकानदारांचे रंग प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावर विसंबू नका, स्वतःची यादी दारामागे चिकटवा. रंगाशिवाय अंक-पंचाने ग्रेड ठोकून ठेवलेला आणखी बरा. कापायचं नेहमी रंग नसलेल्या टोकाकडून. शेवटचा दोन इंचाचा उरलेला तुकडासुद्धा मग आपलं नाव सांगतो, आणि बुश करायला तोच कामी येतो.

*(भाऊ, लाल रंगाचे किती झालेत तुमच्याकडे? पुण्याला येणं झालं तर घेऊन या. चिंचवडचे काका ठिणग्या बघून सांगायला तयार आहेत, मी विचारलंय त्यांना. — धागाकर्ता)*